बंद भट्टीत बर्नरचा झोत एका भिंतीला का चिकटतो? दाराकडचा माल थंड राहतो

प्रश्न: भोसरी_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे एक बॉक्स टाइप भट्टी आहे. आतून २.४ मीटर खोल, १.२ मीटर रुंद, १.२ मीटर उंच. आधी एलडीओवर (हलक्या डिझेल तेलावर) चालायची, या पावसाळ्यानंतर पीएनजीवर (पाइपच्या गॅसवर) घेतली. बर्नर एकच आहे, मागच्या भिंतीत, छतापासून साधारण ३०० मिलिमीटर खाली. तोंड ८० मिलिमीटरचं, झोत दाराकडे मारतो. फुल फायरला तोंडाशी वेग सेकंदाला १०० मीटर, असं बर्नरच्या कागदावर लिहिलंय. फ्लू (जळालेला गॅस बाहेर जायची वाट) छतात, डावीकडे, बर्नरच्याच बाजूला.

त्रास असा आहे. सेट पॉइंट ९०० अंश. बर्नरकडचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ९०० दाखवतं तेव्हा दाराजवळ खालच्या थरात ३५-४० अंश कमी असतात. त्या भागातल्या जॉबची हार्डनेस कमी येते आणि रोज क्वालिटीवाल्यांशी वाद होतो. डाव्या भिंतीचा वरचा पट्टा मात्र पांढराफटक पडलाय, तिथला अस्तराचा फायबर आक्रसायला लागलाय.

पीप होलमधून बघितलं तर ज्योत सरळ जातच नाही. वर छताला आणि डावीकडे भिंतीला चिकटून जाते. मध्येच कधी उजवीकडे झुकते आणि परत डावीकडे येते. हाच बर्नर बसवण्याआधी शेडमध्ये नुसत्या हवेवर चालवला होता तेव्हा झोत सुतासारखा सरळ होता. तोंड वेल्डरकडून तपासून घेतलं, वाकडं नाही.

बर्नर देणारे म्हणतात क्षमता कमी पडतेय, वरचा मॉडेल घ्या. मालक जवळजवळ तयार झालेत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. पुस्तकातलं मोकळ्या झोताचं सूत्र लावलं तर दारापर्यंत झोत व्यवस्थित पोचायला हवा. मग बंद जागेत वेगळं काय होतं?

उत्तर १: चाकण_फोर्ज

बर्नर ब्लॉक दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे वळवून बघा. आमच्याकडे तसंच केलंय. आणि फ्लूचा डँपर (झडप) किती उघडा आहे ते आधी बघा, सगळी गर्मी तिथूनच पळत असेल.

उत्तर २: ज्योत

बर्नर वळवू नकोस, निदान आत्ता तरी नको. मोठाही घेऊ नकोस. मी नोकरीची सगळी वर्षं भट्ट्या चालू करून देण्यात घालवली, पिंपरी-चिंचवडपासून रांजणगावपर्यंत. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. चहा घेऊन बस.

आधी मोकळा झोत नीट समजून घे, कारण तुझं सूत्र चुकीचं नाहीये. बर्नरच्या तोंडातून वेगाने निघालेला गॅस आजूबाजूच्या स्थिर गॅसला घासतो आणि कडेला भोवरे तयार होतात. हे भोवरे बाहेरचा गॅस आत ओढतात. पहिले चार-सहा व्यास झोताचा गाभा शाबूत राहतो, पुढे तोही या घुसळणीत जातो. तिथून पुढे मध्यरेषेवरचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरतो: तोंडावरचा वेग गुणिले सहा व्यास भागिले अंतर. तुझा जळालेला गॅस साधारण १५०० अंशाला बाहेर पडतो आणि ९०० अंशाच्या, म्हणजे जास्त घनतेच्या गॅसमध्ये शिरतो. त्यामुळे ८० चं तोंड ६५ चं असल्यासारखं वागतं. हिशोब कर: दाराशी, २.४ मीटरवर, सेकंदाला साधारण १६ मीटर उरतात. हा वेग कमी नाही. सूत्र तुला हेच सांगत होतं.

पण त्याच सूत्राच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. झोत पुढे जाताना त्याचा संवेग तेवढाच राहतो, वस्तुमान मात्र वाढत जातं. रिकू आणि स्पाल्डिंग या संशोधकांनी १९६१ मध्ये हे वाढणारं वस्तुमान थेट मोजलं: व्यासाच्या दर एका पट अंतरामागे मूळ प्रवाहाच्या ०.३२ पट. २० व्यासांवर झोतात मूळ गॅसच्या सव्वासहा पटीहून जास्त गॅस असतो. म्हणजे पाच पटींहून जास्त गॅस त्याने वाटेत बाहेरून घेतला.

मोकळ्या शेडमध्ये हा गॅस त्याला हवा तेवढा मिळतो. भट्टीत कुठून मिळणार? बर्नरमधून येतो तेवढाच गॅस फ्लूतून जातो. बाकी सगळी मागणी आतल्या आतच भागवावी लागते. म्हणून झोत पुढे जाऊन दारावर आपटतो, आणि तिथून गॅसचा मोठा भाग भिंतींच्या कडेने मागे वळतो आणि बर्नरच्या तोंडाशी पुन्हा झोतात ओढला जातो. हा परतीचा प्रवाह हाच बंद झोताचा आत्मा आहे. थ्रिंग आणि न्यूबी या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं एक ढोबळ माप दिलं: बर्नरच्या तोंडाची त्रिज्या भागिले भट्टीच्या छेदाची समतुल्य त्रिज्या असा आकडा काढायचा, ०.४७ ला त्याने भागायचं, त्यातून अर्धा वजा करायचा. तुझ्या भट्टीचा छेद १.४४ चौरस मीटर, म्हणजे समतुल्य त्रिज्या ०.६८. उत्तर साडेसात येतं. घनतेची दुरुस्ती केली तर नऊच्या पुढे. बर्नर जेवढा गॅस आत टाकतो त्याच्या सात ते नऊ पट गॅस आत गोल फिरायला हवा. तुझ्या मालाला गर्मी देणारा गॅस हा आहे.

आता इथेच तुझा घोटाळा आहे असं मला वाटतं. भट्टी रिकामी असतानाचा हा हिशोब झाला. तू मालाबद्दल काहीच लिहिलं नाहीस. ट्रे थेट हार्थवर (भट्टीच्या तळावर) ठेवता का? किती उंच रचता? भिंत आणि ट्रे यांच्यात जागा किती?

आणि झोत एका बाजूला का चिकटतो ते. झोताच्या दोन्ही बाजूंना गॅसची मागणी सारखीच असते. ज्या बाजूला भिंत जवळ किंवा परतीची वाट अरुंद, तिथे पुरवठा कमी पडतो आणि दाब किंचित उतरतो. त्या दाबाच्या फरकाने झोत तिकडे वाकतो. वाकला की ती जागा आणखी अरुंद होते, दाब आणखी उतरतो, आणि झोत भिंतीला जाऊन चिकटतो. हाच कोआंडा परिणाम, रुमानियाच्या हेन्री कोआंडा यांच्या नावाचा. तुझा बर्नर छतापासून ३०० वर आहे, त्यामुळे छताला चिकटणं ठरलेलंच. डावीकडे फ्लू आहे. तो त्या बाजूचा परतीचा गॅस बर्नरपर्यंत पोचायच्या आत काढून घेतो, म्हणून डावी बाजू उपाशी राहते. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असल्या की झोताला दोन बैठका मिळतात, आणि एखादा मोठा भोवरा आला की तो एकीवरून दुसरीवर उडी मारतो. तू पीप होलमधून बघितलंस ते हेच. तोंड वाकडं असण्याची काही गरज नाही.

म्हणून चाकणकर म्हणतात तसा बर्नर वळवला तर ज्योत कदाचित उजव्या भिंतीला जाऊन चिकटेल, आणि तो पट्टा पांढरा पडेल. डँपरचं त्यांचं म्हणणं मात्र बरोबर आहे, तो बघच.

एक खूण सांगते, उद्या तपास. दाराच्या वरच्या फटीतून ज्वाळा बाहेर येतात का? आणि बर्नर ब्लॉकच्या कडेला कागदाची पट्टी धरलीस तर ती आत ओढली जाते का? बंद झोत पुढे जाताना संवेग खर्च करतो आणि त्याच्या बदल्यात दाब वाढतो. १६ मीटरने आपटणारा ९०० अंशाचा गॅस दारावर जवळजवळ ४ मिलिमीटर पाण्याएवढा दाब देतो. तुमचा भट्टीचा दाब बहुतेक १ मिलिमीटरवर सेट असेल. म्हणजे एकाच भट्टीत पुढे दाब जास्त, मागे ओढ. दाराची सीलची दोरी बदलत बसण्यात अनेक शॉपचा पैसा जातो, त्यामागे हेच असतं.

एलडीओबद्दलही लिहिते, कारण "आधी बरं चालायचं" हे तुमच्या मालकांनी नक्की म्हटलं असणार. तेलाची ज्योत काजळीमुळे पिवळी, तेजस्वी असते. ती लांबूनच प्रारणाने गर्मी देते, झोत कसा का फिरेना. गॅसची ज्योत निळसर, तिचं स्वतःचं प्रारण बरंच कमी. त्यामुळे गॅसवर आलात की गॅस फिरवण्याला एकदम महत्त्व येतं. एलडीओच्या दिवसांत तुमच्या रचण्याच्या सवयी चालून गेल्या, आता चालणार नाहीत. कंपनीने इंधन बदललं, पण माल रचायची पद्धत तशीच ठेवली, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

उत्तर ३: भोसरी_मेंटेनन्स

ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दाराच्या वरच्या फटीतून ज्वाळा येतात, हो. आणि बर्नरकडे पट्टी धरली तर आत ओढली जाते. डँपर अर्धा होता, ठीक होता.

माल: ट्रे थेट हार्थवर, तीन थर, एकूण उंची ७०० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम ६० मिलिमीटर. दाराकडे १०० च्या आसपास.

उत्तर ४: ज्योत

मग उत्तर तुझ्याच मापांत आहे.

१.२ उंचीतून ७०० मालाने घेतले. वर उरले ५००. म्हणजे झोताला प्रत्यक्षात १.२ बाय ०.५ चं दालन मिळतंय, छेद ०.६ चौरस मीटर. बाजूच्या ६० मिलिमीटरच्या फटींतून नऊ पट गॅस परत यायचा नाही, आणि माल हार्थवर टेकलेला, म्हणजे खालून वाटच नाही. मग परतीचा प्रवाह कुठून येणार? त्याच वरच्या ५०० मधून, झोताला खेटून, उलट दिशेने. जाणारा आणि येणारा एकाच बोळात.

पुढचं टोक बंद असलेल्या दालनात झोत कितीही लांब जात नाही. वायुवीजनवाल्यांचा जुना अनुभव असा की छेदाच्या वर्गमूळाच्या तीन-चार पटींपर्यंत तो टिकतो, पुढे नुसते भोवरे उरतात आणि सरासरी वेग जवळजवळ शून्य होतो. बंद नळीत पाण्याचा झोत सोडून केलेल्या प्रयोगांतही हेच दिसतं: नळीचे तीन-चार व्यास, की खेळ संपला. मागून कितीही जोर लावला तरी ही लांबी फारशी बदलत नाही, कारण परतीचा प्रवाहही त्याच प्रमाणात जोर धरतो. तुझ्या वरच्या बोळाचं वर्गमूळ ०.७७, तिप्पट केलं तर २.३ मीटर. भट्टी २.४. झोत दाराच्या अलीकडेच दम तोडतो, आणि त्या गॅसने दाराच्या खालच्या थरात उतरून यायचं राहूनच जातं. मोठा बर्नर आणलास तर बोळ तोच राहील. छत आणखी तापेल, दाराजवळचा खालचा थर तसाच राहील. मालकांना हे गणित दाखव.

करायचं असं. ट्रे हार्थवरून उचला, १५० मिलिमीटरचे रिफ्रॅक्टरीचे पाये करून त्यावर ठेवा. तीनाऐवजी दोन थर. बाजूंना निदान १५० सोडा, दाराकडे २००. झोत वरून जाईल, दाराशी वळेल, खालून परत येईल आणि मालाच्या खालच्या अंगाला गर्मी देत बर्नरकडे जाईल. दाराचा तो तळ आत्ता गॅसच्या वाटेवरच नाही, तो मग बरोबर वाटेवर येतो.

बदलाआधी आणि नंतर प्रवाह डोळ्यांनी बघ. पीप होलमधून चिमूटभर खायचा सोडा आत सोड. सोडियममुळे नारिंगी रेघ उठते आणि गॅस कुठून कुठे जातो ते क्षणभर स्पष्ट दिसतं. चष्मा आणि फेस शील्ड घालून, चिमूटभरच, आणि भट्टीचा दाब खाली घेऊन. ज्वाळा बाहेर मारणाऱ्या भोकातून नको.

उत्तर ५: मेश_आणि_मी

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो, संगणकावर हेच प्रवाह सोडवतो. ज्योतताईंचं सगळं मान्य. फक्त तुमच्याकडे कुणी सिम्युलेशन करून द्यायला आलं तर काही गोष्टी आधी विचारा, नाहीतर सुंदर रंगीत चित्र मिळेल आणि निर्णय उलटा होईल.

घुसळणीसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं के-एप्सिलॉन नावाचं गणिती मॉडेल गोल तोंडाच्या झोताला गरजेपेक्षा जास्त पसरवतं. मोजमापात, मध्यरेषेच्या निम्मा वेग ज्या त्रिज्येवर मिळतो ती त्रिज्या दर मीटरला साधारण साडेनऊ सेंटीमीटरने वाढते. मॉडेल बारा सेंटीमीटरच्या आसपास दाखवतं. गंमत म्हणजे चपट्या फटीतून निघणाऱ्या झोताला तेच मॉडेल ठीक चालतं. स्टीफन पोप या संशोधकांनी १९७८ मध्ये यावर दुरुस्ती सुचवली. बरेच जण मॉडेलमधला एक स्थिरांक १.४४ चा १.६० करून काम भागवतात. काय केलंय ते विचारा. पसरट झोत म्हणजे लवकर दमणारा झोत, म्हणजे पुन्हा "मोठा बर्नर घ्या" हाच निष्कर्ष.

दुसरं, वेळ वाचवायला अर्धीच भट्टी सोडवतात, मध्ये आरशासारखी सममितीची सीमा घालतात. तुमचा झोत डावी-उजवी करतो. अर्ध्या भट्टीत तो कधीच करणार नाही, कारण तुम्ही त्याला मनाईच केलीये. पूर्ण भट्टी, आणि काळाबरोबर बदलणारं उत्तर मागा.

खरं सांगायचं तर या आकाराच्या भट्टीला मी ॲक्रिलिकचं पाचास एक मापाचं मॉडेल करून पाण्यात बघा म्हणेन. पाण्याची गतिक श्यानता साध्या हवेच्या पंधराव्या भागाएवढी, त्यामुळे कमी वेगातही रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती घुसळतो ते सांगणारा आकडा) पुरेसा मिळतो. पोटॅशियम परमँगनेटची जांभळी धार सोडा, पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलईडीची पट्टी आणून बाजूने उजेड द्या, मोबाइलने व्हिडिओ काढा. १९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांची मॉडेल्स चालतात. पाण्याच्या मॉडेलवरून खऱ्या बांधकामाचे निर्णय घ्यायची परंपरा आपल्याच गावात आहे, भट्टीवाल्यांनी ती वापरावी असं मला फार वाटतं.

उत्तर ६: ज्योत

सर, परमँगनेटची कल्पना उत्तम. एक जोडते: पाण्यात सगळं एकाच घनतेचं असतं, भट्टीत नसतं. म्हणून मॉडेलमधलं तोंड नुसतं मापाने लहान करून चालत नाही, घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाने दुरुस्त करावं लागतं. थ्रिंग-न्यूबींच्या कामाचा गाभा तोच. थंड गॅस तापलेल्या भट्टीत सोडत असाल तर हा फरक मोठा होतो: ३० अंशाची हवा १००० अंशात शिरली की तोंड दुपटीहून मोठं असल्यासारखं वागतं.

तिकडे युरोपात या प्रश्नावर किती माणसांनी आयुष्यं घातली, हे आपल्याकडे सांगितलं जात नाही. गटिंगेनला प्रांट्ल यांचे विद्यार्थी टोलमीन यांनी १९२६ मध्ये मोकळ्या झोताचं गणित मांडलं. ग्रेनोबलला क्राया आणि कुर्ते यांनी भिंतींमधल्या झोताचं गणित केलं, परतीचा प्रवाह कधी सुरू होतो ते सांगणाऱ्या अंकाला आजही त्या दोघांचंच नाव आहे. हॉलंडमध्ये एयमाउडनला खऱ्या मापाच्या भट्टीत ज्योती पेटवून मोजल्या गेल्या. आणि १९९० च्या आसपास जर्मनीत व्युनिंग यांनी परतीचा गॅस इतका वाढवला की ज्योतच दिसेनाशी झाली. भट्टी साडेआठशे अंशांच्या वर आणि परतीचा गॅस तिपटीहून जास्त असला की इंधन सगळीकडे मंद जळतं, तापमानाची टोकं जातात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं एकदम खाली येतात. झोताने काय ओढून घेतलं, एवढ्या एकाच गोष्टीवर उभं राहिलेलं तंत्र आहे ते.

उत्तर ७: वाकड_सोसायटी

जरा वेगळं विचारतो. आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये छताला जेट फॅन आहेत. सगळे चालू असतात तरी एका कोपऱ्यात सकाळी धुराचा वास साचतो. फॅन वाढवायचे का?

उत्तर ८: ज्योत

जेट फॅन ताजी हवा तयार करत नाही, आहे ती ढकलतो. शाफ्टमधला एक्झॉस्ट चालू नसेल किंवा ताजी हवा यायचा रॅम्प शटरने बंद असेल, तर फॅन तोच धूर गोल फिरवत राहतात, वर भट्टीचं लिहिलंय तसंच. आधी एक्झॉस्ट तपासा. मग कोपऱ्याकडे जाणाऱ्या फॅनसमोर बीम, फायरचा पाइप किंवा नंतर टाकलेली केबल ट्रे आलीये का बघा. छताला चिकटून जाणारा झोत एकाच बाजूने हवा ओढतो, म्हणून मोकळ्या झोतापेक्षा लांब जातो. बीमला आपटला की खाली वळतो आणि तिथेच संपतो. कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर त्या कोपऱ्यात आहेत का, तेही बघा.

उत्तर ९: भोसरी_मेंटेनन्स

ताई, सर, अपडेट देतो. गुरुवारच्या सुट्टीत पाये बसवले. दोन थर, बाजूंना १५०, दाराकडे २००. सोडा टाकून बघितला. आधी नारिंगी रेघ छताने जाऊन मध्येच विरायची, आता दारापर्यंत जाऊन खाली वळलेली स्पष्ट दिसते. हीटिंगमध्ये फरक १५ अंशांपर्यंत आला. मालक तिसऱ्या थरासाठी कुरकुर करतात, पण रिजेक्शन कमी झालंय ते त्यांना दिसतंय. मोठ्या बर्नरचा विषय सध्या थांबलाय.

पण सोकिंगमध्ये, म्हणजे माल सेट पॉइंटवर धरून ठेवताना, बर्नर लो फायरला (कमी जोरावर) गेला की फरक पुन्हा २५ वर जातो. गॅस तर तेव्हा कमीच लागतो, मग तापमानाची समानता का बिघडते?

आणखी एक. ट्रायल्समध्ये भट्टी थंड असताना बर्नर वारंवार बंद-चालू करावा लागतो. ऑपरेटर म्हणतो परजचा (पेटवण्याआधी हवा मारून आतला गॅस काढण्याचा) टायमर ३० सेकंदांवर आणू, उगाच वेळ जातो. चालेल का?

उत्तर १०: ज्योत

शाब्बास. हे वाचून फार बरं वाटलं.

लो फायरचं. तुझा बर्नर आठास एक उतरत असेल असं धरू. प्रवाह आठवा हिस्सा, वेगही आठवा हिस्सा, म्हणून संवेग चौसष्टावा हिस्सा. दाराशी १६ मीटर होते तिथे २ मीटर. आता भट्टीतली उष्णता स्वतःही गॅस हलवत असते: शंभरेक अंशांचा फरक आणि १.२ मीटर उंची धरली तर वर जाणाऱ्या गॅसचा वेग सेकंदाला मीटरभर येतो. फुल फायरला १६ समोर १, त्यामुळे झोत सगळं ढवळून काढतो. लो फायरला २ समोर १. मग झोत दारापर्यंत जायच्या आधीच वर उचलला जातो, गरम गॅस छताखाली थर करून बसतो आणि खालचा माल थंड राहतो. परतीच्या गॅसचं प्रमाण कागदावर तेच असतं, पण ते ढवळणारा जोर उरत नाही.

स्वस्त उपाय म्हणजे सोकिंगमध्ये ब्लोअरची हवा वर ठेवून फक्त गॅस उतरवायचा. ढवळणं टिकतं, पण जादा हवा तापवायला गॅस लागतो आणि मालावर स्केल (ऑक्साइडचा थर) वाढतो. तुझा माल नंतर ग्राइंड होत असेल तर काही दिवस असं चालवून बघ. चांगला उपाय म्हणजे पल्स फायरिंग: बर्नर मध्ये रेंगाळत ठेवायचा नाही, काही सेकंद फुल, मग बंद किंवा अगदी कमी, पुन्हा फुल. सरासरी गॅस तेवढाच, पण जळतो तेव्हा पूर्ण वेगाने झोत मारतो. व्हॉल्व्ह मात्र लाखो वेळा उघड-बंद सोसणारे हवेत, तुझे आत्ताचे चालतील असं गृहीत धरू नकोस. मोठ्या बर्नरसाठी मालक देणार होते ते पैसे इथे मागून घे. आणि लक्षात ठेव, मोठा बर्नर घेतला असता तर तो सोकिंगमध्ये आणखी खाली उतरवावा लागला असता.

आता परज. याचं उत्तर "नाही". ऑपरेटरलाही हे वाचून दाखव.

भट्टीतली हवा पुढून आली आणि जुनी मागून बाहेर गेली, असं होत नाही. ब्लोअरची हवाही बंद झोतच आहे. ती आतला गॅस ओढून घेते, मिसळते, आणि ते मिश्रण बाहेर जातं. म्हणून भट्टीच्या एका आकारमानाएवढी हवा घातली तरी ३७ टक्के जुना गॅस आतच असतो. चार आकारमानं घातल्यावर दोन टक्क्यांच्या खाली येतो, म्हणून किमान चार. तुझी भट्टी ३.४५ घनमीटर. तुझ्या बर्नरच्या मापावरून फुल फायरची हवा तासाला ३०० घनमीटरच्या आसपास येते. चार आकारमानांना पावणेतीन मिनिटं लागतात, ट्रेच्या मागचे कोपरे याहून उशिरा धुतले जातात. ३० सेकंदांत एक आकारमानही होत नाही, निम्मा गॅस आत राहतो. आत गळतीचा २० टक्के मिथेन असेल तर तो पेटायला जास्तच दाट आहे. मिथेन पेटतो ५ ते १५ टक्क्यांत. ३० सेकंदांच्या परजनंतर तो १० टक्क्यांवर येतो, आणि नेमकी तेव्हा ठिणगी पडते.

टायमर तीन मिनिटांवर ठेव, पॅनेलला कुलूप लाव, आणि ब्लोअरचा एअर प्रेशर स्विच खरोखर ट्रिप करतो का ते पुढच्या गुरुवारी तपास.